ठाणे-नवी मुंबईतल्या संशोधकांसाठी: आपला रिव्ह्यूचा वेळ कोणाच्या जर्नलला द्यायचा?

खाडीकाठ (ठाणे पूर्व)

हा धागा मुद्दाम काढतेय. इथे कॉलेजात शिकवणारे, पीएचडी करणारे, ग्रंथालयात काम करणारे बरेच जण आहेत. रिव्ह्यू म्हणजे दुसऱ्याचा पेपर छापण्याआधी तपासून देणं. तो कुठल्या जर्नलसाठी करायचा हा विषय स्टाफरूममध्ये निघाला की "स्कोपसमध्ये (जर्नलांच्या त्या मोठ्या परदेशी सूचीत) आहे का?" या एका प्रश्नावर संपतो. इथे जरा पुढे जाऊ या.

ठाणे खाडीचं उदाहरण घेते, कारण माझं काम तिथलंच. २०१५ साली खाडीचा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला. इथला गाळ, कांदळवन, कोळंबी, पाण्यातले जड धातू, पक्षी यांवर भरपूर संशोधन झालंय. नमुने इथले, संशोधकांचे पगार आणि अनुदान बहुतांशी सरकारी तिजोरीतून. पेपर मात्र अनेकदा अशा जर्नलमध्ये, की बाहेरच्या माणसाला एक वाचायचा तर तीस-चाळीस डॉलर मोजायचे. लिहिणाऱ्याला त्यातला एक पैसा मिळत नाही. तपासणाऱ्यालाही नाही. हक्क प्रकाशकाकडे असतात, कारण छापण्याआधी करारावर सही करून ते आपणच दिलेले असतात.

यावर उतारा म्हणून ओपन अ‍ॅक्सेस आलं. २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यात मागणी साधी होती: संशोधन इंटरनेटवर कुणालाही मोफत वाचता यावं. झालं असं की मोठ्या प्रकाशकांनी वाचकाकडची फी उचलून लेखकाच्या माथी मारली. तिलाच आपण एपीसी म्हणतो. 'नेचर'ने २०२० च्या अखेरीस ती ९,५०० युरो जाहीर केली. एवढ्या वरचं सोडा, मधल्या फळीतल्या जर्नलचे दर ऐकूनही तासिका तत्त्वावर शिकवणारी माझी सहकारी पेपर मिटून ठेवते. म्हणजे आधी वाचता येत नव्हतं, आता लिहिता येत नाही.

तिसरा रस्ता आहे आणि तो आपल्याकडे फारसा कुणी सांगत नाही. लेखकाकडून पैसे नाहीत, वाचकाकडूनही नाहीत. जर्नलची मालकी विद्यापीठाकडे, अभ्यासकांच्या मंडळाकडे किंवा संशोधकांच्याच गटाकडे. याला डायमंड ओपन अ‍ॅक्सेस म्हणतात. ही कुठल्या तरी कोपऱ्यातली हौस नाही. २०२१ मध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासात जगभरात अशी १७,००० ते २९,००० जर्नल असावीत असा अंदाज निघाला. त्यांतली बरीचशी लहान, वर्षाला पंचवीसच्या आत लेख छापणारी, आणि बहुतेकांचा भार बिनपगारी काम करणाऱ्या संपादकांवर. खुल्या जर्नलांना एकत्र आणणारं सायेलो ब्राझीलमध्ये १९९७-९८ पासून उभं राहिलं, तसंच रेडालिक मेक्सिकोत तोलुकाच्या विद्यापीठातून चालतं. लॅटिन अमेरिकेत तर हाच राजमार्ग आहे. त्यांच्याकडे पैसा फार होता असं नाही. विद्यापीठांनी जर्नल चालवणं हे आपलं काम मानलं, एवढंच.

आता माझं म्हणणं. अशा जर्नलना पैसा लागतो, पण सगळ्यात मोठी टंचाई माणसांच्या वेळेची आहे. रिव्ह्यूअर मिळत नाहीत, भाषा तपासायला कुणी नसतं, संपादक दमतात. आणि तोच वेळ आपण सगळे मोठ्या प्रकाशकांना दर महिन्याला फुकट देतोय. त्यातला काही भाग आपल्या मालकीच्या जर्नलकडे वळवायचं ठरवून करता येईल का? ठाणे ते पनवेल या पट्ट्यातले वीस-पंचवीस जण जरी तयार झाले तरी एखाद-दोन जर्नलना खूप फरक पडेल. मतं हवी आहेत, विरोधातलीही.

ग्रंथपाल_नेरूळ

धागा काढलात, फार बरं केलंत. ग्रंथालयाच्या बाजूने थोडी भर.

"आता वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलंय, मग काळजी कसली?" असं मला हल्ली सारखं विचारतात. देशभरातल्या संस्थांसाठी जर्नलांची वर्गणी सरकारने एकत्र भरायची, ही योजना मोठी आहे यात शंका नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल, ६,३०० च्या आसपास संस्था. कारभार गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राकडे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी कॉलेजातल्या मुलीला कालपर्यंत जे दिसत नव्हतं ते आज दिसतंय. हे मी मनापासून चांगलं मानते.

पण तीन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, योजना सरकारी उच्चशिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधनसंस्थांसाठी आहे. नवी मुंबईत खाजगी कॉलेजं किती आहेत ते तुम्हीच मोजा. निवृत्त प्राध्यापक, स्वतंत्र अभ्यासक, पत्रकार, गावातला कार्यकर्ता हे सगळे बाहेर. दुसरी, हे भाडं आहे. मुदत संपली की पुन्हा वाटाघाटी, आणि समोरच्याला माहीत असतं की आता आपल्याला सवय लागली आहे. तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचते. वाचण्यासाठी ६,००० कोटी निघू शकतात, मग देशातल्या विद्यापीठांची स्वतःची जर्नल नीट चालावीत यासाठी त्याच्या अंशाएवढी तरी तरतूद का असू नये? एका छोट्या जर्नलला एक अर्धवेळ सहायक संपादक मिळाला तर त्याचं रूप पालटतं. हे मी जवळून बघितलंय.

पीएचडी_खारघर

माझा प्रश्न जरा स्वार्थी वाटेल, पण विचारतेच. गाईड म्हणतात स्कोपस हवं. यूजीसीने २०२२ च्या नियमांत प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती काढून टाकली हे मी त्यांना दाखवलं. ते म्हणाले, नियम काढला तरी मुलाखतीला बसल्यावर विचारणारच. आणि खरंच विचारतात. मग मी माझा पहिला पेपर एखाद्या छोट्या डायमंड जर्नलला कसा देऊ? ज्यांची नोकरी पक्की आहे त्यांनी आधी दिले पाहिजेत ना?

दुसरं म्हणजे, "फुकट" म्हटलं की माझ्या बरोबरीच्यांना लगेच बोगस जर्नल आठवतात. तीन दिवसांत रिव्ह्यू, अडीच हजार रुपये भरा, प्रमाणपत्र घ्या असली ईमेल रोज येतात. खरं आणि खोटं ओळखायचं कसं?

खाडीकाठ (ठाणे पूर्व)

यात स्वार्थी काही नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्वच्छ आहे: हो, आधी पक्क्या नोकरीवाल्यांनी द्यायचे. तुझ्यासारखीवर हा भार टाकणं अन्यायाचं होईल. तू तुझा पेपर जिथे द्यायचा तिथे दे. फक्त देताना एक बघ. बऱ्याच मोठ्या प्रकाशकांच्या अटींत, स्वीकारलेलं पण त्यांच्या साच्यात न बसवलेलं हस्तलिखित संस्थेच्या रिपॉझिटरीत, म्हणजे तिच्या खुल्या ऑनलाइन साठ्यात, ठेवायची मुभा असते, कधी लगेच, कधी काही महिन्यांनी. आपण ती वापरतच नाही. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांचं २०१४ चं धोरण तर त्यांच्या पैशातून झालेल्या कामाबद्दल हेच सांगतं. त्याला खर्च शून्य.

बोगस ओळखायचं म्हणशील तर उलट बघ. बोगस जर्नल लेखकाच्या पैशावर जगतं. ज्याला लेखकाकडून काहीच घ्यायचं नाही, त्याला कचरा छापून मिळणार काय? तरी खात्री हवी असेल तर डीओएजे ही तपासून घेतलेल्या खुल्या जर्नलांची यादी बघ. २००३ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठात सुरू झाली, आज तिथे वीस हजारांवर जर्नल आहेत आणि फी न घेणारी वेगळी काढून बघता येतात. यादीत नाही म्हणजे वाईट, असंही समजू नकोस. मी वर म्हटलेल्या अभ्यासानुसार डायमंड जर्नलपैकी साधारण एक तृतीयांशच तिथे नोंदलेली होती. अर्ज भरायलाही माणूस लागतो. तेव्हा संपादक मंडळातल्या एखाद्याला सरळ ईमेल कर, जुने अंक वाच, तुझ्या विषयातले जाणते तिथे लिहितात का ते बघ.

जुना_पदार्थविज्ञानी (वाशी)

मी विरोधातला नाही, पण उत्साहात दोन गोष्टी निसटू नयेत म्हणून लिहितो.

आमच्या विषयात १९९१ पासून अर्काइव्ह (arXiv) हा पेपरांचा मोफत ऑनलाइन साठा आहे. पॉल गिन्सपार्ग यांनी लॉस अ‍ॅलामॉसमध्ये सुरू केलं, पुढे कॉर्नेलला गेलं. पेपर आधी तिथे जातो, जर्नलमध्ये नंतर. मी आयुष्यभर असंच वाचत आलो. बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, रामन यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेली, तिची नियतकालिकं अकादमीच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. म्हणजे आपल्याकडे ही परंपरा आहे. परदेशातून शिकायची गरज नाही असं मी म्हणणार नाही, पण घरचं आधी बघावं.

आता शंका. छोटी जर्नल मरतात. एका माणसाच्या जिवावर चालतात, तो माणूस निवृत्त झाला किंवा आजारी पडला की अंक थांबतो, वर्षभरात संकेतस्थळ बंद पडतं, आणि त्यात छापलेले लेख हवेत विरतात. ज्याने विश्वासाने लेख दिला त्याचं काय?

आणि यापेक्षा मोठी शंका मालकीची. मुंबईतलंच उदाहरण आहे. मेडनो हे प्रकाशनगृह आपल्या मुंबईत उभं राहिलं. केईएम रुग्णालय आणि सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजच्या शिक्षकांचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन', त्याशिवाय वैद्यकीय संघटनांची अनेक जर्नल त्यांनी वाचकांसाठी मोफत खुली केली. विकसनशील देशांतलं ओपन अ‍ॅक्सेस म्हटलं की जगभर त्यांचं नाव घ्यायचे. २०११ मध्ये ते वोल्टर्स क्लुवर या बहुराष्ट्रीय कंपनीने विकत घेतलं. मी यात कुणाला दोष देत नाही, कंपनी विकण्याचा मालकाला हक्क असतो. माझा मुद्दा इतकाच की "मोफत" आणि "आपलं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज मोफत असलेलं उद्या कुणाच्या हातात जाईल हे मालकी कुणाची यावर ठरतं.

खाडीकाठ (ठाणे पूर्व)

सर, हा मुद्दा तुम्ही काढलात ते फार बरं झालं, कारण मला यावरच सविस्तर बोलायचं होतं.

उलट बाजूचंही उदाहरण आहे. 'लिंग्वा' हे भाषाविज्ञानातलं नावाजलेलं जर्नल, एल्सेव्हियर या बड्या व्यावसायिक प्रकाशकाचं. २०१५ मध्ये त्याचे सगळे संपादक आणि संपादक मंडळ एकत्र बाहेर पडले. त्यांची मागणी होती की जर्नल पूर्ण खुलं करा, फी परवडेल इतकी ठेवा आणि मालकी संपादकांकडे द्या. प्रकाशकाने मानलं नाही. त्यांनी २०१६ पासून 'ग्लोसा' नावाने नवं जर्नल काढलं, आणि ते पुढे लंडनच्या ओपन लायब्ररी ऑफ ह्युमॅनिटीजकडे आलं. तिथे जगभरातली विद्यापीठांची ग्रंथालयं मिळून वर्गणी देतात, लेखकाला काही द्यावं लागत नाही. पण बघा, जुनं नाव एल्सेव्हियरकडेच राहिलं. वर्षानुवर्षं ज्यांनी त्या नावाला किंमत आणून दिली, त्यांना ते मागे टाकून यावं लागलं. लेखक आणि रिव्ह्यूअर बरोबर गेले म्हणून नवं जर्नल उभं राहिलं, नाही तर ते फसलं असतं.

त्याच्याही आधी २००१ मध्ये 'मशीन लर्निंग' या जर्नलच्या संपादक मंडळातले चाळीस जण असेच बाहेर पडले आणि नुकत्याच निघालेल्या 'जर्नल ऑफ मशीन लर्निंग रिसर्च'च्या मागे उभे राहिले. ते आजही लेखकाकडून काही घेत नाही आणि त्या विषयातलं पहिल्या रांगेतलं मानलं जातं.

यातून मी काय घेते, तर जर्नलची खरी ताकद त्याच्याभोवतीच्या माणसांत असते, आणि कायद्याने ती ताकद नावाला चिकटलेली असते. म्हणून आपण ज्या जर्नलला हात लावू त्याचं नाव, संकेतस्थळाचा पत्ता आणि आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) कुणाच्या नावावर आहे ते आधी विचारायचं. एखाद्या प्राध्यापकाच्या वैयक्तिक खात्यावर पत्ता नोंदलेला असेल तर रिव्ह्यू करण्याआधी तो संस्थेच्या नावावर करून घ्यायला सांगायचं. लेखाचे हक्क लेखकाकडे राहतात का, क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना (प्रत काढून वाटायची मुभा देणारा) आहे का, हेही. परवाना असेल तर जर्नल कुणीही विकत घेतलं तरी आधी छापलेलं परत कुलुपात जात नाही, कारण त्याची प्रत कुणीही कुठेही ठेवू शकतो.

ऐरोली_कोडर

मी संशोधक नाही, आयटीत आहे. दोन जर्नलची संकेतस्थळं सांभाळतो, फावल्या वेळात. सरांनी म्हटलेलं "हवेत विरतात" यावर लिहितो.

जर्नल चालवायला ओजेएस नावाची प्रणाली आहे. कॅनडाच्या पब्लिक नॉलेज प्रोजेक्टने बनवली, पूर्ण मोफत, मुक्त सॉफ्टवेअर. लेख येणं, रिव्ह्यूअरकडे जाणं, दुरुस्त्या, अंक लावणं, सगळं त्यात होतं. जगात हजारोंनी जर्नल तिच्यावर चालतात. तिच्याशी जोडलेलं जतन-जाळं आहे. एक खूण केली की तुमच्या अंकांच्या प्रती वेगवेगळ्या ग्रंथालयांच्या सर्व्हरवर जाऊन राहतात. उद्या आपला सर्व्हर बंद पडला तरी लेख राहतात. याला पैसे लागत नाहीत. आयएसएसएन दिल्लीच्या नॅशनल सायन्स लायब्ररीकडून फुकट मिळतो. डीओआयला, म्हणजे प्रत्येक लेखाच्या कायमच्या ऑनलाइन क्रमांकाला, मात्र खर्च आहे: तो देणाऱ्या क्रॉसरेफची सगळ्यात लहान संस्थांसाठीची वार्षिक वर्गणी दोन-तीनशे डॉलरच्या घरात, वर प्रत्येक नव्या लेखामागे एक डॉलर. सर्व्हरचं भाडं धरलं तरी छोट्या जर्नलचा तांत्रिक खर्च वर्षाला पन्नास हजारांच्या आत बसतो. हा माझा स्वतःचा हिशोब आहे, तुमचा थोडा मागेपुढे होईल.

खरं दुखणं वेगळं आहे, आणि ते मराठी जर्नलचं आहे. जुने अंक श्रीलिपी, सुरेख, कृतीदेव असल्या फाँटांत जुळवलेले. पीडीएफ उघडली की डोळ्याला मराठी दिसतं, पण शोध घेतला तर आत नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. गुगलच्या दृष्टीने तो लेख मराठीत नाहीच. संकेतस्थळावर ठेवला म्हणजे खुला झाला असं होत नाही, सापडला पाहिजे. युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरपद्धतीत) बदलायची साधनं आहेत, पण रफार सरकतो, पहिली वेलांटी भलत्या अक्षराला लागते, जोडाक्षरं फुटतात. माणसाने बसून वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. इथे कुणी मराठीचे विद्यार्थी असतील आणि त्यांना महिन्याला दोन लेख तपासायची तयारी असेल, तर बदललेला मजकूर मी तयार करून देईन.

इतिहासवेडा_नौपाडा

कोडरसाहेब, माझं नाव लिहून ठेवा. नोकरी बँकेत केली, संशोधन हौसेने केलं, कुठल्याही विद्यापीठाचं ओळखपत्र माझ्याकडे कधीच नव्हतं. त्यामुळे पेवॉलचा, म्हणजे पैसे भरल्याशिवाय लेख न उघडण्याचा, अर्थ मला कुणी समजावून सांगायला नको.

आपण ठाण्यात बसून हे बोलतोय म्हणून आठवण करून देतो. १८९३ साली वि. ल. भावे आणि मंडळींनी इथे मराठी ग्रंथसंग्रहालय काढलं, मराठी पुस्तकं लोकांना वाचायला मिळावीत म्हणून. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चं. राजवाडे आणि त्यांच्या पिढीतल्या लोकांनी कागदपत्रं गोळा केली आणि छापली, ती वर्गणी आणि पदरमोड यांवर. संशोधकांनी स्वतःची नियतकालिकं चालवणं हे महाराष्ट्राला नवं नाही. मधल्या काळात पदोन्नतीच्या गुणांनी आपल्याला ते विसरायला लावलं.

पण एक अडचण कुणी बोलत नाही, ती मी बोलतो. मराठीतली संशोधनाची नियतकालिकं आजही आजीव सभासद आणि वार्षिक वर्गणीदारांवर तगून आहेत. उद्या अंक मोफत टाकला आणि दोनशे वर्गणीदारांपैकी शंभर म्हणाले "आता कशाला पैसे भरू?", तर अंकच बंद. मोठ्या प्रकाशकाचं नुकसान आणि मराठी त्रैमासिकाचं नुकसान एका तागडीत घालू नका. खुलं करा म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर आधी द्यावं.

ग्रंथपाल_नेरूळ

काका, अगदी रास्त. याचं घाऊक उत्तर नाही, पण काही वाटा आहेत.

एक वाट अशी की वर्गणीदारांना सरळ सांगायचं: तुम्ही सगळे यंदाही राहिलात तर यंदाचा अंक सगळ्यांना खुला होईल, संख्या घसरली तर राहणार नाही. 'अ‍ॅन्युअल रिव्ह्यूज'सारख्या ना-नफा प्रकाशकांनी हेच ग्रंथालयांच्या बाबतीत केलंय. आपला मराठी वर्गणीदार अंक स्वस्तात मिळतो म्हणून वर्गणी भरत नाही. संस्था जगावी म्हणून भरतो. त्याला विश्वासात घेतलं तर तो टिकेल असं मला वाटतं. सरांनी वर मेडनोचा उल्लेख केला. त्यांच्या संस्थापकांनीच तेव्हा मांडलं होतं की जर्नल ऑनलाइन मोफत केल्याने छापील वर्गणीदार घटले नाहीत.

दुसरी वाट, छापील अंक आधी वर्गणीदारांना, सहा महिन्यांनी जालावर. आदर्श नाही, पण आज काहीच नसण्यापेक्षा बरं. तिसरी, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती: कॉलेजच्या ग्रंथालयांनी परदेशी वर्गण्यांवर वाचलेल्या पैशातून दोन-तीन मराठी नियतकालिकांची संस्था-वर्गणी भरावी, आणि ती "अंक विकत घेणे" या खात्याऐवजी "प्रकाशनास सहाय्य" म्हणून दाखवावी. हिशोबतपासनीस कुरकुर करतात, पण ग्रंथालय समितीचा ठराव असेल तर मार्ग निघतो.

दिवाळे_बंदर

मी बेलापूरच्या दिवाळे गावचा, आगरी-कोळी. वाणिज्य शिकलोय, संशोधक नाही. खाडीचा विषय निघाला म्हणून लिहितो.

गेल्या वीस वर्षांत आमच्या होडीतून किती सर-मॅडम गेले याची मोजदाद नाही. आम्ही त्यांना कुठे गाळ वाढलाय, कुठली कोळंबी आता मिळत नाही, निवट्या कुठे उरल्यात, चिंबोऱ्या कधी भरतात हे सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, बाटल्या भरून नेल्या. नंतर काय निघालं ते कुणी सांगायला आलं नाही. प्रकल्पाची जनसुनावणी असते तेव्हा समोरची कंपनी अहवाल काढून दाखवते आणि आम्ही तोंडी बोलतो. आमच्याच पाण्याचा पेपर आमच्या हातात असता तर बोलणं वेगळं झालं असतं.

तुम्ही म्हणता खुलं करा. करा. पण इंग्रजीत खुलं झालं तर माझ्या वडिलांना काय उपयोग? एक पान मराठीत लिहा: काय बघितलं, काय सापडलं, पाणी, मासळी, आरोग्य यांबद्दल काय समजलं. आणि आमचं नाव घ्या. माहिती देणारा म्हणून शेवटी एका ओळीत आभार मानता, तेही सगळेच नाही मानत.

पीएचडी_खारघर

दादा, हे वाचून मी माझ्या प्रबंधाचा आराखडा उघडला. माझे नमुने सारसोळे आणि वाशी गावाजवळचे आहेत. मराठी सारांश मी करीन आणि छापायच्या आधी तुम्हाला दाखवीन. चुका तुम्हीच सांगू शकाल.

जुना_पदार्थविज्ञानी (वाशी)

दिवाळेकरांचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात वजनदार आहे. मला माझा मुद्दा बदलायचा आहे. मालकी कुणाची, हा प्रश्न मी फक्त संशोधक आणि प्रकाशक यांच्यात ठेवला होता. ज्यांच्या जमिनीवर, पाण्यावर संशोधन होतं त्यांचाही त्यात वाटा धरायला हवा. खाडीसंबंधी लेख छापणाऱ्या जर्नलने मराठी सारांश सक्तीचा करावा. सल्लागार मंडळात मच्छीमार संस्थेचा प्रतिनिधी घेतला तर एकाही नियमाला धक्का लागत नाही. व्यावसायिक प्रकाशकाच्या जर्नलमध्ये हे कुणी ऐकणार नाही. आपल्या मालकीच्या जर्नलमध्ये एका बैठकीत ठरू शकतं.

निवृत्त असल्यामुळे वेळ आहे. भौतिकशास्त्र, भूभौतिकी, उपकरणं या विषयांतले महिन्याला दोन रिव्ह्यू मी करीन. पनवेलच्या भूचुंबकत्व संस्थेतले काही जुने स्नेही आहेत, त्यांनाही विचारतो.

खाडीकाठ (ठाणे पूर्व)

दादा, तुमचं म्हणणं मान्य आहे, पूर्णपणे. आणि सर, तुमचे आभार.

आता थोडं कामाचं. कोण काय करू शकेल ते मला व्यक्तिगत निरोपात कळवा: विषय, भाषा, महिन्याला किती वेळ. मी एक यादी करते आणि ज्या जर्नलची मालकी संस्थेकडे आहे, जी कुणाकडूनच फी घेत नाहीत, त्यांच्या संपादकांना पाठवते. मी स्वतः यापुढे व्यावसायिक प्रकाशकाचा एक रिव्ह्यू केला तर एक अशा जर्नलचा करणार, आणि नकार देताना संपादकाला कारणही कळवणार. सगळ्यांनी असंच करावं असा आग्रह नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या एकेकट्याच्या हातात नाही. पदोन्नतीच्या तक्त्यात पेपरला गुण आहेत, दुसऱ्याचा पेपर तपासून सुधारण्याला स्वतंत्र गुण नाहीत, जर्नल चालवण्याला जवळपास नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने केअर यादी (मान्य जर्नलांची तिची यादी) बंद केली आणि जर्नल निवडायची जबाबदारी संस्थांवर सोपवली. अनेकांना हा गोंधळ वाटतोय. मला ही संधी वाटते. आता कॉलेज स्वतः ठरवू शकतं की कुठलं जर्नल चांगलं. मग आपण आधी मागणी मांडू या, नाही तर सवयीने पुन्हा स्कोपसचंच नाव त्या रकान्यात भरलं जाईल.

ग्रंथपाल_नेरूळ

आमच्या संशोधन समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. ठरावाचा मसुदा इथे टाकते, दुरुस्त्या सुचवा:

"महाविद्यालयातील पूर्णवेळ शिक्षकांनी विद्यापीठे, विद्वत्संस्था अथवा संशोधकांचे गट यांच्या मालकीच्या, लेखक व वाचक या दोघांकडूनही शुल्क न घेणाऱ्या नियतकालिकांसाठी केलेले संपादन, समीक्षण व भाषा-तपासणी हे वार्षिक मूल्यमापनात संशोधनकार्य म्हणून तासांसह नोंदवले जाईल. स्थानिक परिसरावरील संशोधनासोबत मराठी सारांश देण्यात येईल व तो महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर खुला ठेवण्यात येईल. ग्रंथालयाच्या वार्षिक अंदाजपत्रकात अशा नियतकालिकांच्या सहाय्यासाठी स्वतंत्र तरतूद असेल."

इतिहासवेडा_नौपाडा

मसुदा चांगला आहे. अंदाजपत्रकाच्या वाक्यात "मराठी नियतकालिकांसह" असं घाला, नाही तर सगळी तरतूद इंग्रजीकडे जाईल.

पीएचडी_खारघर

पहिल्या ओळीतला "पूर्णवेळ" शब्द काढा ना, ताई. तासिका तत्त्वावरचे शिक्षक आणि पीएचडीचे विद्यार्थीही रिव्ह्यू करतात. त्यांचेही तास नोंदले जावेत.

ग्रंथपाल_नेरूळ

दोन्ही दुरुस्त्या घेतल्या. सारांशाच्या वाक्यात "माहिती देणाऱ्या स्थानिकांच्या नावानिशी, त्यांच्या संमतीने" हेही जोडलं आहे. सुधारित मसुदा रविवारी रात्री टाकते. ज्यांना आपापल्या कॉलेजात मांडायचा असेल त्यांनी जसाच्या तसा उचलावा.